कॉपी-पेस्ट केलेलं पान गूगलवर का उगवत नाही?

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय सरळ आहे. वेबसाईट काढली, डोमेन घेतलं, थीम बसवली, चाळीस-पन्नास लेख टाकले, आणि तरी गूगलवर शोधलं तर आपलं पान पहिल्या दहात नाही, पन्नासातही नाही. असं का होतं? एसईओ शिकवणारे म्हणतात कीवर्ड टाका, बॅकलिंक घ्या, स्पीड वाढवा. ते सगळं आपापल्या जागी ठीक आहे. पण त्याच्या आधीचा प्रश्न कुणी विचारत नाही. त्या पानावर असं काय आहे जे दुसरीकडे कुठंच नाही?

आपल्याकडच्या बऱ्याच मराठी साईटवर या प्रश्नाचं उत्तर "काहीच नाही" असं आहे. एका साईटवरून योजनेची माहिती उचलली, चार शब्द इकडचे तिकडे केले, वर "संपूर्ण माहिती २०२५" असं शीर्षक लावलं आणि पब्लिश. हे का चालत नाही, ते आज आपण मुळापासून बघू.

गूगल तुमच्या पानाचं करतं काय?

तीन पायऱ्या आहेत. पहिली, क्रॉलिंग. गूगलचा एक प्रोग्राम लिंकांवरून फिरत पानं गोळा करतो. दुसरी, इंडेक्सिंग. गोळा केलेलं पान वाचून, ते कशाबद्दल आहे हे ठरवून, भल्यामोठ्या सूचीत त्याची नोंद होते. तिसरी, रँकिंग. कुणी काही शोधलं की त्या सूचीतून पानं काढून क्रम लावला जातो.

आपण सगळा जीव तिसऱ्या पायरीवर काढतो. कॉपी केलेलं पान बहुतेक वेळा दुसऱ्या पायरीवरच अडकतं. इंडेक्सिंग करताना गूगल सारखी दिसणारी पानं एका गठ्ठ्यात बांधतं आणि त्यातलं एकच पान प्रतिनिधी म्हणून निवडतं. त्याला म्हणतात कॅनॉनिकल पान. सर्चमध्ये साधारणपणे तेच दिसतं, बाकीची गठ्ठ्यात राहतात. म्हणजे एकाच मजकुराची शंभर पानं असली, तरी वाचणाऱ्यासमोर शंभर वेळा तेच ठेवण्यात गूगलला काही फायदा नाही. मोंढ्यात एकाच ढिगातल्या मालाचे शंभर नमुने घेऊन गेलात तरी भाव एकदाच ठरतो ना, तसंच.

आता कुणी म्हणेल, "आम्ही शब्द बदलतो ना! कॉपी कुठं करतो?" ठीक आहे, तेही बघू.

शब्द बदलले तर कळत नाही का?

हा प्रश्न गूगलपेक्षाही जुना आहे. १९९७ साली आंद्रेई ब्रोडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळपास सारखी पानं ओळखायची एक युक्ती मांडली. तेव्हा अल्टाव्हिस्टा नावाचं सर्च इंजिन जोरात होतं, आणि त्यांनी ही युक्ती सुमारे ३ कोटी पानांवर लावून बघितली. तिचं नाव शिंगलिंग. शिंगल म्हणजे छपरावरचं कौल. घरावर कौलं कशी असतात? एकाचा कोपरा दुसऱ्यावर चढलेला. तशीच ही शब्दांची कौलं.

समजा तुमचा लेख १००० शब्दांचा आहे. त्याचे चार-चार शब्दांचे तुकडे करा. पहिला ते चौथा शब्द हा एक तुकडा, दुसरा ते पाचवा हा दुसरा, तिसरा ते सहावा हा तिसरा. असे एकूण ९९७ तुकडे होतात. आता तुम्ही एक शब्द बदलला. किती तुकडे बदलले? जास्तीत जास्त चार. बरं, रात्रभर बसून ५० शब्द बदलले. जास्तीत जास्त २०० तुकडे बदलले. उरलेले जवळपास ८०० तसेच्या तसे. दोन लेखांत दहापैकी आठ तुकडे जुळतात म्हटल्यावर, यातला एक दुसऱ्यावरून आला आहे हे ओळखायला माणूस लागत नाही.

पुढं २००७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी वेगळी पद्धत मांडली. त्यात प्रत्येक पानाचा एक छोटासा ठसा काढायचा आणि ठसे जुळवायचे. त्यांनी ८०० कोटी पानांच्या हिशोबाने हे काम करून दाखवलं. ही सगळी जुनी गोष्ट आहे, मंडळी. आज अर्थ ओळखणाऱ्या यंत्रणा आल्यात. "महत्त्वाचे" काढून "गरजेचे" लिहिलं म्हणजे सुटलो, असं समजू नका.

मग गूगल शिक्षा करतं का?

इथं एक गैरसमज काढून टाकू. सारखा मजकूर दिसला की गूगल लगेच दंड लावतं, असं नाही. गूगलने २००८ मध्येच हे स्पष्ट केलं होतं. फसवायच्या हेतूनं केलेला प्रकार नसेल तर शिक्षा नसते, फक्त गठ्ठ्यातलं एक पान निवडलं जातं. तुमच्याच साईटवर एकच मजकूर दोन पत्त्यांवर असला तरी घाबरायचं कारण नाही. त्यासाठी २००९ पासून कॅनॉनिकल टॅग आहे. मूळ पान कोणतं, हे तुम्ही त्यातून सांगू शकता. गूगल ती सूचना विचारात घेतं.

पण अख्खी साईटच उचललेल्या मालावर उभी असेल तर गोष्ट वेगळी. २०११ च्या फेब्रुवारीत गूगलने एक मोठा बदल केला. नंतर तो "पांडा" या नावाने प्रसिद्ध झाला, गूगलमधल्या एका इंजिनियरच्या आडनावावरून. सुरुवातीला लोक त्याला काय म्हणत होते माहितीय? "फार्मर अपडेट"! कारण रोख होता "कंटेंट फार्म"वर, म्हणजे दिवसाला ढिगाने लेख काढणाऱ्या साईटवर. अमेरिकेतल्या जवळपास १२ टक्के शोधांच्या निकालांवर त्याचा परिणाम झाला, असं गूगलनेच सांगितलं होतं. शेतकऱ्याचं नाव उगाच बदनाम झालं म्हणा! खरा शेतकरी एकाच वावरात तेच बी शंभरदा पेरत नाही.

मार्च २०२४ मध्ये गूगलने स्पॅमचे नियम आणखी कडक केले. रँकिंग वाढवायच्या एकाच हेतूनं ढिगाने काढलेली, वाचणाऱ्याला काही न देणारी पानं त्यात आली. ती माणसानं लिहिली की यंत्रानं, हा मुद्दाच ठेवला नाही.

एक रुपयाचा विमा आणि न मरणारी पानं

इथपर्यंत आपण रँकिंगचं बोललो. आता ज्याच्यासाठी हा विषय घेतला, तिकडं येतो. कॉपी केलेल्या मजकुराचा सगळ्यात मोठा तोटा साईटवाल्याला होत नाही. तो वाचणाऱ्याला होतो.

उदाहरण घ्या पीक विम्याचं. महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपापासून शेतकऱ्याला एक रुपयात पीक विमा मिळायला लागला. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी मराठीत यावर ढिगानं पानं आली. बहुतेकांचा मजकूर एकच. मग २०२५ च्या खरिपापासून एक रुपयाची योजना बंद झाली. आता खरिपाच्या धान्य-तेलबियांसाठी विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीसाठी दीड टक्का आणि कापसासारख्या नगदी पिकांसाठी ५ टक्के हप्ता शेतकऱ्याला भरावा लागतो. आधीचे काही निकष काढले गेले आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पन्नावर आली.

ज्यानं मूळ लेख स्वतः शासन निर्णय वाचून लिहिला होता, त्याला बदल झाल्यावर काय दुरुस्त करायचं हे कळतं. ज्यानं उचलला, त्याला कसं कळणार? त्यानं तो कधी वाचलाच नव्हता. त्याचं पान तसंच पडून राहतं. वर तारीख तेवढी नवी, आत माहिती जुनी. आणि जिंतूर तालुक्यातला एखादा पोरगा रात्री वडिलांसाठी मोबाईलवर शोधतो, त्याला तेच पान सापडतं. तो वडिलांना सांगतो, "काही नाही, एक रुपयाच भरायचा." सोयाबीन आणि कपाशीवर वर्ष काढणाऱ्या आपल्या जिल्ह्यात ही साधी चूक नाही. हप्ता किती, मुदत कधी, भरपाई कशावर, यावर एका घराचं अख्खं वर्ष ठरतं.

गूगलही पैसा, आरोग्य, सुरक्षितता अशा विषयांच्या पानांना जास्त कडक मापानं बघतं, ते याचसाठी. आणि पानांची गुणवत्ता तपासणाऱ्यांसाठी गूगलच्या ज्या सूचना आहेत, त्यात डिसेंबर २०२२ मध्ये एक शब्द वाढवला गेला. तो शब्द म्हणजे "अनुभव". लिहिणाऱ्यानं ती गोष्ट स्वतः केली आहे का, वापरली आहे का, तिथं जाऊन बघितली आहे का? हा अनुभव कॉपी करता येत नाही.

"ओरिजिनल" म्हणजे नेमकं काय?

ओरिजिनल म्हणजे अलंकारिक भाषा नव्हे. ओरिजिनल म्हणजे अशी माहिती, जी तुमच्या पानावर आल्यामुळं इंटरनेटवर वाढली.

सोयाबीनचा हमीभाव बघा. २०२४-२५ साठी क्विंटलला ४,८९२ रुपये, २०२५-२६ साठी ५,३२८ रुपये. हे आकडे हजार पानांवर आहेत. तुमच्या पानावर नुसते तेच लिहिलेत तर तुम्ही एक हजार एकावे. पण शेतकऱ्याचा खरा प्रश्न आकड्याच्या पुढचा आहे. सरकारी खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं त्या हंगामापुरती ती १५ टक्के केली होती. मग आपल्या तालुक्यातल्या केंद्रावर ओलावा कसा मोजतात? माल परत पाठवायची वेळ येऊ नये म्हणून घरी किती ऊन द्यायचं? नोंदणीला कोणते कागद लागतात, बारदाना आहे का, काट्याला नंबर किती दिवसांनी लागतो? हे दिल्लीतल्या साईटला माहीत नाही, पुण्यातल्यालाही नाही. सेलू किंवा मानवतच्या केंद्रावर सकाळी दोन तास उभं राहून चार जणांशी बोललेल्या पोराला माहीत आहे. त्यानं ते तारीख टाकून लिहिलं, तर त्याच्यासमोर स्पर्धाच नाही.

दुसरं उदाहरण. आपलं कृषी विद्यापीठ १९७२ सालचं, आज त्याचं नाव वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. तिथली "परभणी क्रांती" ही भेंडीची जात देशभर गेली. तिच्यावर शोधा, सगळीकडं एकच ओळ फिरताना दिसेल, की केवडा रोगाला प्रतिकारक. ते बियाण्याच्या पाकिटावरही छापलेलं असतं. पण आज आपल्या रानात, आपल्या पाण्यावर ती लावली तर केवडा किती येतो? तोडा किती दिवसांनी सुरू होतो? परभणीच्या बाजारात गिऱ्हाईक हीच भेंडी मागतं की दुसरी? एका हंगामाची वही ठेवली आणि आठवड्याला एक फोटो काढला, तरी तुमच्याकडं असं पान तयार होतं जे कुठल्याही पाकिटावर छापलेलं नाही.

तिसरं उदाहरण शेतीबाहेरचं. सेलू तालुक्यातली वालूरची चक्राकार बारव तुम्ही फोटोत नक्की बघितली असेल, गोल गोल फिरत खाली जाणाऱ्या पायऱ्या. गेल्या काही वर्षांत गावकऱ्यांनी श्रमदान करून तिच्यातला गाळ-कचरा काढला. महाराष्ट्रभर बारवा शोधून त्यांची नकाशावर नोंद करणारी माणसं पुढं आली. बारवा तर शेकडो वर्षं होत्या, चारठाण्यातही आहे, पिंगळीतही आहे. पण कुणीतरी तिथं गेलं, फोटो काढला, जागा नोंदवली, तेव्हा ती जगाला सापडायला लागली. कुदळ-फावड्यानं बारव मोकळी झाली आणि नोंदीमुळं ती शोधणाऱ्याला दिसली. दोन्ही कामं सारख्याच मोलाची.

"जगात जर्मनी, भारतात परभणी" आपण अभिमानानं म्हणतो. पण परभणीबद्दल इंटरनेटवर काय आहे, हे परभणीकरांनी लिहिलं नाही तर दुसरं कुणीतरी इकडून तिकडून जोडून लिहिणार. आणि तेच खरं मानलं जाणार.

आपली बोली हेच भांडवल

अजून एक गोष्ट. इंग्रजीतून किंवा हिंदीतून मशीननं भाषांतर केलेली मराठी पानं तुम्ही वाचली असतील. "गुलाबी बॉलवर्म कीटकाचे व्यवस्थापन कसे करावे" वगैरे. आपल्याकडं कुणी असं म्हणतं का? आपण म्हणतो बोंडअळी. कपाशीची पानं लाल पडली की म्हणतो लाल्या आला. मुळं कुरतडली की हुमणी. आणि आता तर लोक टाईपही करत नाहीत, माईक दाबून बोलतात, "कपाशीवर लाल्या आला, काय फवारावं?" ज्या पानावर हे शब्द खरोखर आहेत, तेच पान या प्रश्नाला जुळतं. जो माणूस त्या भाषेत विचार करतो, त्याला कीवर्ड शोधायचं टूल लागत नाही. गिऱ्हाईक दुकानात येऊन जो प्रश्न विचारतं, तोच तुमचा कीवर्ड.

आणि एआय?

हा प्रश्न येणारच. एआयनं लिहिलं म्हणून गूगल पान फेकून देत नाही, हे गूगलने फेब्रुवारी २०२३ मध्ये सांगितलंय. शुद्धलेखन तपासायला, मुद्दे लावायला वापरा, काही हरकत नाही. पण एआय तुम्हाला देतं ते आधीच लिहिलेल्या गोष्टींमधून तयार झालेलं. सेलूच्या केंद्रावर आज काय झालं, हे त्याला कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. शिवाय आता बऱ्याच शोधांना गूगल स्वतःच वर एआयनं तयार केलेलं उत्तर दाखवतं. सर्वसाधारण माहिती वाचणाऱ्याला तिथंच मिळते. मग तो तुमच्या पानावर क्लिक कशाला करेल? जे वरच्या चौकटीत मावत नाही, त्यासाठीच.

आणि आपलंच कुणी चोरलं तर?

हे होतं, खोटं कशाला सांगू. गूगल दरवेळी मूळ लेखकालाच वर ठेवतं असं नाही. मोठ्या साईटनं छोट्याचा लेख उचलला आणि तीच वर दिसली, असंही घडतं. पण तुम्ही हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. १९५७ च्या कॉपीराईट कायद्याप्रमाणे तुम्ही लिहिलेल्या लेखावर, काढलेल्या फोटोवर तुमचा हक्क आपोआप असतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. आधी त्या साईटला मेल करा. ऐकलं नाही तर गूगलकडं कॉपीराईट तक्रारीचा फॉर्म आहे, तो भरा. म्हणूनच मूळ फोटो, तारीख, टिपणं जपून ठेवा. आणि कुणी प्रेमानं लेख मागितला तर द्या, फक्त तुमच्या मूळ पानाची लिंक टाकायला सांगा. आकडे आणि घटना कुणाच्याच मालकीच्या नसतात, ते तुम्हीही घेऊ शकता. पण मूळ कागद वाचून घ्या, दुसऱ्याच्या लेखातून नको.

या आठवड्याचं काम

ऐकून सोडून द्यायचं नाही. तीन कामं सांगतो.

एक. तुमच्या साईटवरचा कोणताही लेख उघडा. त्यातलं एक लांब वाक्य अवतरणचिन्हांत टाकून गूगलवर शोधा. तेच वाक्य दुसऱ्या साईटवर सापडलं, तर त्या लेखाचं काय करायचं हे ठरवा. एकतर स्वतःची माहिती घालून नव्यानं लिहा, नाहीतर काढून टाका. पन्नास पोकळ पानांपेक्षा पाच भरीव पानं बरी.

दोन. योजना, विमा, भाव यावरची जुनी पानं तपासा. मूळ शासन निर्णय उघडा. जे बदललं ते दुरुस्त करा आणि वर लिहा की अमुक तारखेला तपासलं. कुणाच्या तरी घरचा हप्ता त्यावर अवलंबून असू शकतो.

तीन. एक नवं पान लिहा, फक्त एक. तुमचं गॅरेज असेल, कृषी सेवा केंद्र असेल, शिलाईचं दुकान असेल, गेल्या महिन्यात गिऱ्हाईकांनी सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न घ्या आणि त्याचं उत्तर तुम्ही समोर उभ्या माणसाला देता तसं लिहा. फोटो स्वतःच्या मोबाईलचा. किंमत असेल तर खरी. गावाचं नाव, तारीख, सगळं.

एका पानानं पहिला नंबर येईल असं मी म्हणत नाही. रँकिंगला वेळ लागतो, आणि त्यात बाकीच्याही शंभर गोष्टी असतात. पण उगवायला आधी जिवंत बी लागतं, खताचा विचार नंतर.

तुमचं पान तयार झालं की लिंक पाठवा, आपण पुढच्या भागात त्यातल्या दोन-तीन पानांवर बोलू. हा भाग ज्यानं कालच चाळीस लेख उचलून टाकलेत, त्या मित्राला जरूर पाठवा. रागावणार नाही तो, झालाच तर फायदाच होईल.

चला, भेटू पुढच्या भागात. राम राम!